वीकेंडला दिल्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवार-रविवार फिरायचं आणि सोमवारी परत ऑफिसात, असा ज्यांचा प्लॅन आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. आठवडाभराची सुट्टी असेल तर वाचा, पण मग एवढा जीव काढायची गरज नाही.

दोन दिवसांत दिल्ली बघून होते का हो?

नाही होत. हे आधीच मान्य करून निघालात तर ट्रिप मस्त होते. लोक काय करतात, नेटवरून 'टॉप टेन' यादी उचलतात आणि त्याच क्रमाने फिरत सुटतात, म्हणजे सकाळी लाल किल्ला, मग थेट खाली लोटस टेंपल, मग परत वर इंडिया गेट, मग नदीपलीकडे अक्षरधाम, आणि संध्याकाळी फोटो बघताना कळतं की निम्मा दिवस कॅबच्या काचेतून गेला. कुतुबमिनार आणि लाल किल्ला यांच्यातच १५ किलोमीटरहून जास्त अंतर आहे. सुलतानांची दिल्ली दक्षिणेला मेहरौलीत, शहाजहानची दिल्ली उत्तरेला, इंग्रजांची मधोमध. त्यामुळे एका दिवशी एकच टोक धरायचं, मधली दिल्ली संध्याकाळसाठी ठेवायची, आणि जे राहील ते राहू द्यायचं.

मग कुठला दिवस कुठे?

शनिवार जुनी दिल्ली, रविवार दक्षिण. उलटं करू नका. रविवारी चांदनी चौकातली बरीचशी दुकानं बंद असतात, खाण्याची ठिकाणं चालू असतात पण किनारी बाजार, दरीबा, खारी बावली इथली खरी गंमत म्हणजे ती ढकलाढकली, हमालांची ओरड, गोण्या, ते सगळंच गायब असतं. कुतुब आणि हुमायून मकबऱ्याला वाराची भानगड नाही, दोन्ही रोज उघडे. खान मार्केटही रविवारी बंद असतं, कुणाच्या यादीत असेल तर सांगून ठेवतो.

सोमवारची सुट्टी जोडून आलीय, सोमवारी काय बघू?

सोमवारी लाल किल्ला बंद, अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय बंद, गांधी स्मृती बंद. शॉपिंग म्हणाल तर सरोजिनी नगर आणि लाजपत नगरलाही सोमवारीच सुट्टी. लाँग वीकेंडवाले इथेच हमखास फसतात. कुतुब, हुमायून, लोधी गार्डन हे सगळं सोमवारवर ढकला आणि रविवार मोकळा करून घ्या.

आणि १५ ऑगस्टच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला तयारीसाठी बंद ठेवतात, जानेवारीत परेडच्या तालमीमुळे कर्तव्य पथाच्या आसपास बॅरिकेड असतात. त्या दिवसांत जाणार असाल तर आधी चौकशी करा.

ट्रेनने जावं की विमानाने?

मुंबईकरांसाठी राजधानी अजूनही छान आहे, मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्ली, फक्त शुक्रवारी हाफ डे टाकावा लागतो. पुण्याहून ट्रेनचा विचार वीकेंडसाठी सोडून द्या, झेलम एक्सप्रेसमध्येच एक दिवसाच्या वर जातो. नागपूरकरांची चैन आहे, दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या ढीगभर गाड्या त्यांच्या स्टेशनवरूनच जातात, रात्री बसायचं.

विमान मुंबई-पुण्याहून साधारण दोन तास. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी सोडून, कारण तेव्हा धुकं पडलं की विमान काय आणि ट्रेन काय, सगळंच रामभरोसे.

एअरपोर्टवरून शहरात कसं यायचं?

टर्मिनल ३ ला उतरलात तर एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशन, सामान ठेवायला जागा असते, बसायला मिळतं. टर्मिनल २ तिथून चालत जाण्याएवढंच आहे. टर्मिनल १ वेगळं आहे आणि लांब आहे, तिथे मजेंटा लाइनचं स्टेशन आहे. तिकिटावर टर्मिनल नीट वाचा, परतीच्या वेळी तर दोनदा वाचा. मध्यरात्री उतरणार असाल तर मेट्रो बंद असते, मग कॅब.

राहायचं कुठे?

वीकेंडच्या हिशोबाने एकच नियम, मेट्रो स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. यलो लाइनवर असेल तर सोन्याहून पिवळं. पहाडगंज स्वस्त आहे आणि नवी दिल्ली स्टेशनला चिकटून आहे, पण गल्ल्या गजबजलेल्या, हॉटेलांचे फोटो एक आणि खोली दुसरीच, फॅमिली बरोबर असेल तर रिव्ह्यू वाचल्याशिवाय बुक करू नका. करोल बाग मध्यम बजेटला बरं पडतं, ब्लू लाइनवर आहे. कनॉट प्लेसच्या आसपास महाग पण वेळ वाचतो. एअरपोर्टजवळची एरोसिटी दिसते चकाचक पण तिथून रोज ये-जा म्हणजे दिल्ली बघायला बाहेरगावाहून आल्यासारखं.

मेट्रोने सगळं होतं का की गाडी करावी?

बहुतेक सगळं होतं. लाल किल्ला आणि जामा मशीद या नावांचीच स्टेशनं व्हायोलेट लाइनवर आहेत, चांदनी चौक आणि कुतुबमिनार यलो लाइनवर, अक्षरधाम ब्लू लाइनवर. हुमायून मकबऱ्याला जवाहरलाल नेहरू स्टेडियम स्टेशनवर उतरून पुढे रिक्षा. कुतुबमिनार स्टेशनवर उतरूनसुद्धा मिनार लगेच नाही, तिथूनही रिक्षा घ्यावी लागते, नावावर जाऊ नका.

पहिली मेट्रो २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी धावली आणि आज नकाशा बघितला तर डोकं गरगरतं, पण तुम्हाला यलो आणि व्हायोलेट या दोनच लाइन पाठ केल्या तरी काम भागतं. प्रत्येक स्टेशनात बॅग स्कॅनरमधून जाते, त्यामुळे पाठीवर जेवढं कमी तेवढं बरं. राजीव चौकला संध्याकाळी सहा ते आठ बदली टाळता आली तर टाळा. मुंबईच्या लोकलवाल्यांना त्या गर्दीचं काही वाटणार नाही म्हणा, पण सोबत आई-बाबा असतील तर.

एकटी मुलगी किंवा दोघी मैत्रिणी असू तर?

दिवसा मेट्रो आणि मोठी स्मारकं, काही प्रॉब्लेम नाही. मेट्रोचा पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, प्लॅटफॉर्मवर गुलाबी बोर्ड दिसतो. चांदनी चौकातल्या गल्ल्यांमध्ये गर्दीचा त्रास होतो, तिथे सकाळी लवकर जाणं बरं. रात्री नऊनंतर रस्त्यावरची रिक्षा पकडण्यापेक्षा अ‍ॅपवरून कॅब, आणि हॉटेल मेट्रोजवळ, हे वरचंच परत.

लाल किल्ल्यात आत जाण्यासारखं काय आहे? बाहेरून तर दिसतोच की.

आत जा. १६३९ ला काम सुरू झालं आणि १६४८ ला शहाजहान राहायला आला. आत शिरल्यावर आधी छत्ता चौक, म्हणजे छप्पर असलेला बाजार, तिथे खरेदीत अडकू नका. सरळ मागे दिवाण-ए-खासपर्यंत चला आणि तिथे दहा मिनिटं थांबा. संगमरवरी खांब, त्यांच्यावर जडवलेली फुलं. मयूरासन इथलंच, ते १७३९ ला नादिरशहाने नेलं. आता मान वर करून छताकडे बघा. हे छत एकेकाळी चांदीने मढवलेलं होतं आणि त्यातली उरलेली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून वितळवली, कारण पानिपताकडे निघालेल्या फौजेचे पगार थकले होते. शाळेत पानिपत शिकताना विश्वासराव, जनकोजी, दत्ताजी सगळे येतात, पण पैसे कुठून आले हा हिशोब त्या छताखाली उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर येतो. याच महालात पुढे १८५८ ला बहादूरशहा जफरवर खटला चालला, आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा १९४५-४६ चा खटलाही याच किल्ल्यात.

सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. सिक्युरिटीची रांग लांबते आणि आत सावली कमी आहे.

चांदनी चौकात खायचं काय?

लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता दीड किलोमीटरच्या आतच आहे आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्या बंद असतात, त्यामुळे चालत खात जायचं. दरीबा कलांच्या कोपऱ्यावरची जिलेबी (१८८४ पासूनची), जाडजूड, तुपातली, एकात दोघं. नटराजचे दहीभल्ले, उभ्यानेच. पराठेवाली गलीत जायचंच असेल तर जा, पण अपेक्षा सांभाळा, तो पराठा तव्यावरचा नसतो, कढईत तळलेला असतो आणि माझ्या मते त्यापेक्षा पहाडगंजातले छोले-भटुरे कितीतरी सरस. थंडीत गेलात तर दौलत की चाट सोडू नका, दुधाचा फेस आणि वर केशर, तोंडात घातला की गायब, उन्हाळ्यात मिळतच नाही. नॉनव्हेजवाल्यांना जामा मशिदीसमोरचं करीम माहीत असेलच, १९१३ पासून आहे.

पोट सांभाळून हं. पाणी बाटलीचंच.

वाटेत सीसगंज गुरुद्वारा लागतो, १६७५ ला गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला ती जागा. डोकं झाकून, चपला जमा करून आत जा, पाचच मिनिटं बसा, बाहेरच्या गोंगाटानंतर बरं वाटतं. जामा मशिदीत नमाजच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, शुक्रवारी दुपारी तर नकोच.

कुतुबमिनारवर चढता येतं का?

नाही. १९८१ च्या डिसेंबरात आत चेंगराचेंगरी होऊन ४५ जणांचा जीव गेला, त्यात शाळेची मुलं होती, तेव्हापासून जिना बंद आहे. उंची साडेबहात्तर मीटर, आत ३७९ पायऱ्या. ऐबकाने सुरू केला, इल्तुतमिशने वाढवला, १३६८ ला वीज पडली म्हणून फिरोजशहा तुघलकाने वरचे मजले पुन्हा बांधले, म्हणून वरती संगमरवर जास्त दिसतो आणि खाली लाल दगड.

सगळे मिनारचा फोटो काढून निघतात. शेजारच्या मशिदीचे खांब जवळ जाऊन बघा. २७ देवळांचं सामान वापरलं असं तिथल्याच शिलालेखात लिहिलंय आणि खांबांवर साखळीला लटकणाऱ्या घंटा कोरलेल्या अजून स्पष्ट दिसतात, एकाच्या डोक्यावर दुसरा खांब ठेवून उंची साधलीय, सांधा डोळ्यांनी दिसतो. अंगणात लोहस्तंभ, गुप्तकाळातला, सहा टनांहून जड, आणि गंज नाही, लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक पातळ थर धरला जातो तो वाचवतो. पूर्वी लोक पाठ लावून हात मागे जुळवायचे, आता कुंपण आहे.

ताजमहाल बघितलाय, मग हुमायूनचा मकबरा कशाला?

उलट ताज बघितलेल्यांनीच बघावा, कारण ताजच्या आधी पाऊणशे वर्षं तीच कल्पना इथे करून बघितलीय. चारबाग, मधे उंच चौथरा, वर दुहेरी घुमट. हुमायून १५५६ ला जिना उतरताना पडून गेला. आत शंभराहून जास्त कबरी आहेत, शहाजहानचा मुलगा दारा शुकोह यालाही इथेच पुरलं असं मानतात. आणि १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर इथेच लपला होता, इथूनच पकडला. म्हणजे लाल किल्ल्यात शनिवारी खटल्याची जागा बघायची आणि रविवारी पकडल्याची.

दुपारी चारनंतर जा, दगडावर ऊन तिरकं पडतं. शेजारी ईसाखानची कबर आहे, अष्टकोनी, हुमायूनहून जुनी, ती घाईत सुटते. रस्त्यापलीकडे सुंदर नर्सरी आहे, मुलं कंटाळली असतील तर तिथे सोडा.

अक्षरधाम करू की नको?

वीकेंडला नको, असं माझं मत. वाईट आहे म्हणून नाही, वेळ खातं म्हणून. मोबाईल, कॅमेरा, बॅग सगळं बाहेर जमा, त्याची रांग, परत घ्यायची रांग, आतली प्रदर्शनं धरली तर अर्धा दिवस गेला. घरातल्या मोठ्यांना तेच बघायचंय तर खुशाल जा पण मग त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

राष्ट्रपती भवन आतून बघता येतं?

येतं, पण ऑनलाइन आधी स्लॉट घ्यावा लागतो आणि ओळखपत्र लागतं. गेटवर जाऊन "बघू काय होतं ते" चालत नाही.

इंडिया गेटला कधी जायचं?

शनिवारी संध्याकाळी, जुनी दिल्ली आटोपून. ४२ मीटर उंच कमान, लुटियन्सने काढलेली, १९३१ ला खुली झाली, भिंतींवर १३ हजारांहून जास्त सैनिकांची नावं. मागे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे (२०१९ चं), ते न बघता आइस्क्रीम खाऊन परत येऊ नका, तिकीट नाही, आणि ग्रॅनाइटच्या पाट्यांवर नाव-नंबर-युनिट वाचत गेलात की महाराष्ट्रातली आडनावं भराभर सापडतात. अमर जवान ज्योत २०२२ मध्ये इथल्या ज्योतीत मिसळली. भूक लागली तर जवळच आंध्र भवनचं कँटीन, थाळी पोटभर, रविवारी बिर्याणीला रांग.

मराठी माणसाने खास काय बघावं?

आधी अलीपूर रोड. २६ अलीपूर रोडला बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण झालं, तिथे आता उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे. शनिवारी लाल किल्ल्याहून उत्तरेला थोडंच पुढे, जमवाच.

दुसरं तालकटोरा. १७३७ ला बाजीराव पेशव्यांनी दिल्लीवर धडक मारली तेव्हा मराठी फौज या भागात होती. बघायला म्हणून तिथे काही नाही, बाग आणि स्टेडियम आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच स्टेडियममध्ये झालं, दिल्लीत १९५४ नंतर पहिल्यांदाच.

तिसरं कुणी सांगतच नाही, १८०३ ला शिंद्यांच्या फौजेचा पटपडगंजला इंग्रजांकडून पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा खांब आता नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये उभा आहे. वीकेंडला तिकडे जाऊ नका, पण माहीत असलेलं बरं.

एका दिवसात आग्रा पण उरकू का?

उरकता येतं. सकाळी हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस, पावणेदोन तासांच्या आत आग्रा, संध्याकाळी परत. पण मग दिल्लीला एकच दिवस उरतो आणि मी तरी तो सौदा करणार नाही. शुक्रवारी ताज बंद असतो.

कुठल्या महिन्यात जावं?

फेब्रुवारी-मार्च बेस्ट, बागा फुललेल्या असतात. ऑक्टोबर चांगला. दिवाळीनंतर नोव्हेंबरात हवा इतकी खराब असते की दमा असलेल्यांनी विचारच करू नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचा स्वेटर पुरत नाही, जॅकेट न्या. मे-जूनमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा फक्त पहाटे आणि संध्याकाळी बाहेर.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत, जमेल?

निम्मा प्लॅन कापा. लाल किल्ल्यात चालणं भरपूर, जामा मशिदीला पायऱ्या. मुलांना चाणक्यपुरीतलं रेल्वे म्युझियम आवडतं, छोट्या गाडीत बसायला मिळतं (सोमवारी बंद, अर्थातच). लोधी गार्डन फुकट आहे, सपाट आहे, कबरी पण आहेत आणि बसायला जागा पण.

फसवाफसवी होते का?

होते. नवी दिल्ली स्टेशनबाहेर "तुमची ट्रेन कॅन्सल झाली", "तुमचं हॉटेल बंद पडलं", "सरकारी टुरिस्ट ऑफिसला सोडतो" असं सांगणारे भेटले की उत्तरच देऊ नका, चालत राहा. कनॉट प्लेसमध्ये 'सरकारी' पाटी लावलेली खाजगी दुकानं असतात. रिक्षावाल्याचं मीटर खराबच असतं असं धरून चाला आणि भाव आधी ठरवा.

खर्च किती धरायचा?

स्मारकांचा खर्च किरकोळ आहे, पुरातत्त्व खात्याची तिकिटं भारतीयांना पन्नास रुपयांच्या आतबाहेर, ऑनलाइन काढली तर थोडी स्वस्त आणि खिडकीची रांग वाचते, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. मेट्रोचा खर्चही किरकोळच. खरा पैसा विमान आणि हॉटेल, तिथे जेवढं आधी बुक कराल तेवढं.

रविवारी परतीची फ्लाइट किती वाजताची घ्यावी?

रात्री नऊनंतरची. सकाळी हॉटेल सोडून सामान त्यांच्याकडेच ठेवा, कुतुब आटपा, हौज खासला जेवा, चारला हुमायून, साडेपाचला निघून सामान उचला आणि नवी दिल्लीहून एअरपोर्ट एक्सप्रेस पकडा. काही एअरलाइन्सचं चेक-इन त्या मेट्रो स्टेशनवरच होतं, आपल्या एअरलाइनचं आहे का ते आधी विचारा. विमान टर्मिनल १ चं असेल आणि सामान म्हणजे पाठीवरची एक सॅकच असेल तर क्रम उलटा करा, हुमायून सकाळी आणि कुतुब दुपारी, कारण कुतुबहून यलो लाइनने हौज खास, तिथे मजेंटा लाइन बदलली की थेट टर्मिनल १, शहरात परत यायचं कामच नाही.